पत्रा फुटतो तेव्हा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेचे पाणी ५५ फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी ४३ फूट. सुतारवाडा, शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर पाण्यात गेले. प्रयाग चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातली गावेच्या गावे रिकामी करावी लागली. दोन वर्षे होतात न होतात तोच, २०२१ च्या जुलैमध्ये, पुन्हा तेच. पूर ओसरल्यावर काय काय करायचे याची यादी आता कोल्हापूरकरांना तोंडपाठ आहे: चिखल काढणे, जंतुनाशक फवारणी, मेलेल्या जनावरांची विल्हेवाट, पाण्याच्या टाक्या धुणे, पंचनामे. पडलेल्या भिंतींखाली चेपून गेलेल्या करड्या, पन्हळी सिमेंट पत्र्यांचे तुकडे या यादीत नसतात. ते राडारोड्यात जमा होतात.

हे तुकडे ओले असतात तोवर त्यांचा त्रास जवळजवळ नसतो, कारण धूळ उडत नाही. आठ-दहा दिवसांनी ऊन पडते, ढिगारा वाळतो, जेसीबी येतो, पत्रे त्याच्या बकेटखाली चुरडले जातात, आणि मजूर फावड्याने तो चुरा ट्रॉलीत भरतात. धोका सुरू होतो तो इथे. पूर गेला, आता सगळे सुरळीत होणार असे वाटते त्याच दिवसांत.

सिमेंटचा पत्रा म्हणून जो आपण ओळखतो त्यातली ताकद नुसत्या सिमेंटची नसते. सहा मिलिमीटर जाडीचा निव्वळ सिमेंटचा पापुद्रा उचलतानाच मोडेल. त्याला धरून ठेवतात ते ॲस्बेस्टॉसचे तंतू. ॲस्बेस्टॉस हे खनिज आहे, खडकातून निघते, पण त्याच्या स्फटिकांची वाढ अशी असते की दगडाचे कापसासारखे धागे सुटतात. हे धागे जळत नाहीत, कुजत नाहीत. ऑस्ट्रियातल्या लुडविग हाचेक याने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सिमेंटच्या लगद्यात ते मिसळून कागदासारखे थर देत पत्रा बनवण्याची युक्ती काढली आणि जगभर स्वस्त छप्पर पोहोचले. पत्र्याच्या वजनात आठ ते दहा टक्के ॲस्बेस्टॉस असते असे धरले, तर दहा फुटी, चाळीस किलोंच्या आसपास भरणाऱ्या एका पत्र्यात तीन-चार किलो तंतू होतात. एका मध्यम गोठ्यावर असे वीस-पंचवीस पत्रे सहज बसतात.

लोकांनी हे छप्पर निवडले यात त्यांचे काही चुकले असे मला वाटत नाही. गगनबावड्याकडे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे साधा लोखंडी पत्रा काही वर्षांत गंजून चाळण होतो, कौले दर मे महिन्यात शाकारावी लागतात आणि माकडे ती विस्कटतात. सिमेंटचा पत्रा गंजत नाही, पावसात कमी वाजतो, उन्हात लोखंडाइतका तापत नाही, आणि परवडतो. त्यामुळे तो राधानगरी-शाहूवाडीतल्या गोठ्यांवर गेला, पोल्ट्रीवर गेला, इचलकरंजीच्या मागांच्या शेडवर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांवर, शाळांच्या जादा खोल्यांवर, भाड्याच्या चाळींवर गेला. ज्याच्याकडे स्लॅबचे पैसे नव्हते त्याला त्याने कोरडे ठेवले. प्रश्न आहे तो त्याच्या आयुष्याच्या दोन टोकांचा: तो बसवताना कापला जातो तेव्हाचा आणि जुना होऊन उतरवला जातो तेव्हाचा. कोल्हापुरात आज दुसरे टोक जास्त महत्त्वाचे आहे. रंगीत लोखंडी पत्रे आले, शेतघरांवर स्लॅब पडू लागले, आणि तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे सिमेंट पत्रे घाईघाईने खाली येत आहेत.

एवढ्यावरून कोणी घाबरून आजच छप्पर उचकटायला निघू नये. अखंड, न भेगाळलेल्या पत्र्याखाली राहणाऱ्या माणसाच्या श्वासात फारच थोडे तंतू जातात. सिमेंट त्यांना घट्ट धरून असते. ते सुटतात पत्रा फोडल्यावर, ग्राइंडरने कापल्यावर, ड्रिलने भोक पाडल्यावर, शेवाळ काढायला तारेचा ब्रश घासल्यावर. जुन्या पत्र्याचा पृष्ठभाग पावसाने झिजून खरखरीत झालेला असतो आणि तंतू उघडे पडलेले असतात. मे महिन्यात शेवाळ खरवडून वर डांबर लावण्याची आपल्याकडची पद्धत म्हणूनच वाईट. खरवडण्याऐवजी पाणी मारून वरून रंगाचा किंवा जलरोधक लेपाचा थर दिला तर तंतू आत बंद राहतात.

सुटलेला तंतू डोळ्यांना दिसत नाही. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो. घातक तंतूंची जाडी तीन मायक्रॉनहून कमी, अनेकांची एकाहूनही कमी. लांबी मात्र पाच मायक्रॉनच्या पुढे. ही लांबी-जाडीची जोडीच घात करते. बारीक असल्याने तो नाकाच्या केसांना आणि श्वासनलिकेच्या चिकट अस्तराला चुकवून फुप्फुसाच्या टोकाच्या हवेच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतो. तिथे गस्त घालणाऱ्या पांढऱ्या पेशी त्याला गिळायला जातात, पण तो त्यांच्यापेक्षा लांब असतो. अर्धवट गिळलेल्या तंतूभोवती पेशी मरते आणि मरताना दाह करणारी रसायने सोडते. मग दुसरी पेशी येते, तिचेही तेच होते. वर्षानुवर्षे चाललेल्या या दाहातून फुप्फुसात व्रणासारखी कडक ऊती साठत जाते. त्याला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात. फुप्फुस ताठरते, चढ चढताना धाप लागते, मग सपाटीवरही लागते. तंतूंमुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग होतो, जो एरवी अगदी विरळा आढळतो आणि ज्यावर आजही खात्रीचा उपाय नाही. धूळ श्वासात जाणे आणि आजार दिसणे यांत २० ते ४० वर्षे जातात. पंचविशीत पत्रे उतरवणाऱ्याला साठीला दम लागतो, तेव्हा त्याला आणि डॉक्टरला दोघांनाही ते पत्रे आठवत नाहीत.

हे ज्ञान नवे नाही. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या ॲस्बेस्टॉस गिरणीत काम केलेली नेली कर्शॉ १९२४ मध्ये वारली. तिच्या फुप्फुसाच्या तपासणीवरून या आजाराचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. १९६० मध्ये वॅग्नर हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या खाणपट्ट्यातले मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले. त्यांत खाणीत कधीच काम न केलेले, नुसते त्या भागात राहिलेले लोकही होते. १९६५ मध्ये लंडनच्या रुग्णांचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात कामगारांच्या घरच्या बायका आढळल्या, ज्यांनी धुळीचे कपडे झटकून धुतले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार, पत्र्यातला पांढरा धरून, माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहेत. साठाहून अधिक देशांनी त्याचा वापर थांबवला आहे. भारताने खाणकामाचे नवे परवाने १९८६ मध्ये बंद केले, पण कारखाने चालू राहिले आणि कच्चा माल रशिया, कझाकस्तान, ब्राझीलमधून येत राहिला. त्यातल्या ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्वतःच्या देशातला वापर बेकायदा ठरवला. तिथल्या घरांवर जे चालत नाही ते इथल्या घरांवर चढते, हे मला पटवून घेता येत नाही.

पांढरा प्रकार इतरांपेक्षा सौम्य आहे आणि सिमेंटमध्ये बांधलेला असल्याने काळजीपूर्वक वापरला तर अपाय नाही, असे उत्पादकांचे म्हणणे आहे. अखंड पत्र्यापुरते ते बरेचसे खरेही आहे. परंतु 'काळजीपूर्वक' हा शब्द ज्याच्या भरवशावर आहे तो माणूस कोण, हे पाहायला हवे. तो कारखान्यातला तंत्रज्ञ नसतो. तो बाजारभोगाव किंवा आजऱ्याकडचा रोजंदारीवाला असतो, ज्याच्या हातात चार इंची ग्राइंडर आणि तोंडाला गमछा असतो.

कायद्याने कारखान्यातल्या कामगाराकडे थोडे तरी पाहिले आहे. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राने १९८६ मध्ये याचिका केली आणि २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. ॲस्बेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे, किंवा काम सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपावी. कामगारांचा विमा काढावा. ज्यांना आजार जडल्याचे तपासणीत ठरेल त्यांना एक लाख रुपये भरपाई द्यावी, असे आदेश झाले. ४० वर्षांचा आकडा आजाराच्या चालीवरून आला आहे, हे त्या निकालाचे मोठेपण. आजार उशिरा उगवतो, म्हणून नोंदही तेवढी जगली पाहिजे.

कारखान्यातही हे सहज घडत नाही. मुंबईत ॲस्बेस्टॉसची उत्पादने बनवणाऱ्या एका कारखान्यातल्या १८१ कामगारांची तपासणी डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी केली. २००५ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात २२ टक्के कामगारांना ॲस्बेस्टॉसिस आढळला. ही संघटित, हजेरीपटावरची, मुंबईतली माणसे. त्यांना तपासायला कोणी तरी आले म्हणून हे कळले. रोजंदारीवर छप्पर उतरवणाऱ्याला हजेरीपटच नसतो. महाराष्ट्रात बांधकाम कामगारांसाठी कल्याणकारी मंडळ आहे, वर्षात ९० दिवस काम केल्याच्या दाखल्यावर तिथे नोंदणी होते, सुरक्षा संच मिळतो. ते चांगलेच आहे. पण त्या दाखल्यात दिवस मोजले जातात. त्या दिवसांत कोणती धूळ छातीत गेली याला रकाना नाही.

मग करायचे काय? छप्पर उतरवण्याच्या कामाबद्दल सविस्तर लिहितो, कारण ते जवळजवळ फुकटात सुधारता येते.

पहिला धोका धुळीचा नाहीच, पडण्याचा आहे. जुना सिमेंट पत्रा माणसाचे वजन पेलत नाही आणि मोडण्याआधी वाकून सूचनाही देत नाही. गळती बुजवायला वर चढलेला माणूस थेट खालच्या फरशीवर येतो. पत्र्यावर पाय ठेवायचाच नाही. कैचीवरच्या आडव्या अँगलवर टेकतील अशा रुंद फळ्या टाकून त्यांवरूनच हालचाल करायची, आणि शक्य तिथे खालून, परांची बांधून काम करायचे.

दुसरे, पाणी. काम सुरू करण्याआधी पत्र्यांवर दोन्ही बाजूंनी पाण्याची बारीक फवार मारावी. द्राक्षबागेवर किंवा भाजीवर औषध मारायचा, स्वच्छ धुतलेला पंप त्याला चालतो. पाण्यात थोडा साबण मिसळला तर ते पत्र्यात चांगले मुरते. जोराच्या दाबाची नळी मात्र नको, ती तंतू उडवते. आणि ओल्या पत्र्यावर पाय सरकतो, म्हणून फळ्यांची गोष्ट आधी सांगितली.

तिसरे, पत्रा फोडायचा नाही. गंजलेले हूक पान्याने सुटत नाहीत, मग हातोड्याचा एक घाव पत्र्यावर घालून तो मोकळा करायचा, अशी सवय आहे. त्याऐवजी हूकच बोल्ट कटरने तोडावा. पत्रा अखंड निघाला की दोघांनी धरून दोराने खाली सोडावा. वरून टाकलेला पत्रा खाली फुटतो तेव्हा धुराळा खाली उभ्या असलेल्यांच्या तोंडावर येतो, आणि खाली बहुधा बायका असतात, तुकडे गोळा करायला थांबलेल्या. काम संपेपर्यंत खाली कोणी असू नये, मुले तर नाहीच.

चौथे, झाडू. कोरडा झाडू मारला की जमिनीवर बसलेले तंतू पुन्हा श्वासाच्या उंचीला येतात. ओल्या फडक्याने पुसून ते फडकेच पिशवीत टाकावे. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्याच्या पिशवीतून हे तंतू आरपार जातात.

मास्कबद्दल खूप गैरसमज आहेत. गमछा, रुमाल, निळा सर्जिकल मास्क यांचा या धुळीत उपयोग नाही. करोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेला एन-९५ देखील या कामासाठी पुरेसा मानत नाहीत. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत ॲस्बेस्टॉससाठी अशा टाकाऊ मास्कला परवानगीच नाही. रबरी अर्धमुखवटा आणि त्याला पी-१०० गाळणी हवी, मुखवटा चेहऱ्याला चपखल बसायला हवा, दाढी वाढलेली असेल तर कडेने हवा शिरते. "दम कोंडतोय हो मालक, काढू का?" हे वाक्य कामावर ऐकू येणारच. मे महिन्याच्या उन्हात, छपरावर, तो माणूस खोटे बोलत नसतो. म्हणून काम सकाळी लवकर घ्यावे, दर तासाला खाली उतरून सावलीत विसावा द्यावा, आणि त्या विसाव्याची मजुरी कापू नये. मास्कची सक्ती करून विसावा न देणारा मुकादम मास्क काढायलाच भाग पाडत असतो. जे सुरुवातीला पाणी मारण्यात कसूर करतात त्यांना मास्कने वाचवता येत नाही, हेही खरे.

कपडे घरी न्यायचे नाहीत. कामाचा वेगळा जोड, शक्यतो टाकून देण्याजोगा; काम झाल्यावर ओला करून काढायचा, जागेवरच हातपाय-केस धुवायचे. लंडनच्या त्या बायकांची गोष्ट इथल्या धुण्याच्या दगडावरही लागू आहे. आणि विडी-सिगारेट: १९७९ मध्ये अमेरिकेतल्या इन्सुलेशन कामगारांच्या अभ्यासात केवळ ॲस्बेस्टॉसने फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका सुमारे पाचपट, केवळ धूम्रपानाने सुमारे दहापट आणि दोन्ही मिळून पन्नासपटीहून अधिक वाढलेला दिसला. हा गुणाकार कामगाराला स्पष्ट सांगितला पाहिजे.

छपराखेरीज दोन-तीन जागा सांगून पुढे जातो. जुन्या साखर कारखान्यांत आणि गिरण्यांत वाफेच्या नळांवरचे लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारे वेष्टन, कधी काळी ॲस्बेस्टॉसचे असे. ते पत्र्यापेक्षा कितीतरी ठिसूळ, बोटाने चुरते. ऑफ सीझनच्या दुरुस्तीत जुने लॅगिंग दिसले तर नमुना तपासल्याशिवाय हात लावू नये. फाउंड्रीतल्या भट्टीच्या दाराची जुनी दोरी आणि कापडी हातमोजे याच जातीचे. पाणीपुरवठ्याचे जमिनीखालचे जुने ए.सी. (ॲस्बेस्टॉस सिमेंट) पाईप फुटले की ते ग्राइंडरने कोरडे कापतात. तिथेही पाणी आणि हातकरवत. गॅरेजमध्ये ब्रेक ड्रम उघडून कॉम्प्रेसरच्या हवेने उडवलेली काळी भुकटी जुन्या लायनरची असेल तर त्यातही हे तंतू असतात. ओल्या फडक्याने पुसल्यास काम तितकेच होते.

उतरवलेल्या पत्र्याचे पुढे काय होते, ही सगळ्यात दुबळी बाजू. चांगले पत्रे विकले जातात, ते तरी अखंड राहतात. तुटके तुकडे पायाच्या भरावात, गल्लीतल्या खड्ड्यात, ओढ्याच्या काठाला जातात आणि ट्रॅक्टरच्या चाकाखाली वर्षभर दळले जातात. शेकोटीत पडलेला तुकडा तडतडून फुटतो आणि मुलांना त्याची मजा वाटते. भारतीय मानक ब्युरोने ॲस्बेस्टॉसच्या कचऱ्याच्या विल्हेवाटीसाठी १९८० च्या दशकातच मानक तयार केले आहे. त्याचा गाभा साधा आहे: ओले करा, जाड प्लॅस्टिकमध्ये दुहेरी गुंडाळा, ओळखीची खूण करा, खोल पुरा आणि पुन्हा उकरू नका. पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या घातक कचऱ्यासाठी रांजणगावला केंद्र आहे. पण पुण्याच्याही पलीकडे वीस पत्रे पाठवणे गोठ्याच्या मालकाला जमणार नाही, आणि त्याच्यावर तो बोजा टाकणे न्यायाचेही नाही. जिल्ह्यात, निदान तालुक्यांच्या दोन-तीन गटांत, पत्रे गुंडाळून आणून देण्याची जागा असावी आणि तिथून पुढची वाहतूक सरकारी खर्चाने व्हावी.

जपानमध्ये १९९५ च्या जानेवारीत कोबेला भूकंप झाला. ढिगारे उपसणाऱ्यांपैकी काहींना पुढे मेसोथेलिओमा झाला आणि तो कामातून आलेला आजार म्हणून सरकारने मान्य केला. हे शक्य झाले कारण कोण कुठे काम करत होता याचा माग लागला. कोल्हापूरच्या २०१९ आणि २०२१ च्या राडारोड्यावर काम केलेल्यांच्या बाबतीत, आजाराची चाल पाहता, तो प्रश्न २०४० च्या आसपास उभा राहील. तेव्हा सी.पी.आर. या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात धाप लागलेला माणूस येईल. छातीच्या चित्रात डाग दिसले की आपल्याकडे आधी क्षय आठवतो. क्षय बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात असतो, ॲस्बेस्टॉसिस खालच्या भागातून सुरू होतो. पण हा फरक शोधायला डॉक्टरने आधी विचारावे लागते की बाबा, तुम्ही आयुष्यभर काय काम केले. इटलीतल्या रामाझ्झिनीने १७०० मध्ये कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिताना वैद्यांना हाच प्रश्न विचारायला सांगितले होते.

त्या प्रश्नाला उत्तर मिळावे म्हणून नोंद आजपासून हवी. महापालिका दर पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींना नोटिसा काढते; पाडकामाची परवानगीही तिथूनच मिळते. त्या अर्जावर तीन ओळी वाढवाव्यात: छपरात, नळांत, भिंतींत सिमेंट पत्रा किंवा तत्सम माल आहे का; तो ओला करून अखंड उतरवण्याची व्यवस्था काय; आणि काम करणाऱ्यांची नावे. पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही, त्याला प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक लागतो. म्हणून जुना करडा पन्हळी पत्रा दिसला की आहे असेच धरून चालावे. ग्रामपंचायतीत पंचनाम्याच्या कागदावर या ओळी बसतात. मुकादमाच्या खिशातल्या हजेरीच्या वहीतही बसतात: तारीख, गाव, 'सिमेंट पत्रा उतरवला', आणि चार नावे. ही वही मुकादमाने फेकून न देता वर्षअखेरीस कामगार मंडळाच्या नोंदणीला जोडायची, आणि मंडळाने ती ४० वर्षे ठेवायची.